फटीतला कंगवा

आमच्या कंपनीचं रक्त तपासायचं यंत्र ज्या लॅबमध्ये आहे, तिथल्या शैलाताई लॅपटॉप कधी पूर्ण मिटत नाहीत. झाकणाच्या फटीत कंगवा अडकवून ठेवतात. आज मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "हे काय?"

"साहेब, झाकण मिटलं की वीज वाचवायला हा झोपतो आणि तुमचं यंत्र मरतं. मग सगळे नमुने पहिल्यापासून लावा. त्यापेक्षा कंगवा बरा."

लॅपटॉप आणि यंत्र यांच्यात बोलणं घडवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम माझा भागीदार सुधाकर याने लिहिला. झोपायचा निरोप आला की चाललेलं काम जपून ठेवायचं, उठल्यावर तिथूनच पुढे न्यायचं, एवढंच त्याने करायला हवं. यंत्र मधेच बंद पडतं अशा तक्रारी आल्या, म्हणून परवा मी तो भाग उघडून पाहिला. निरोपाला तो 'ठीक आहे' म्हणतो आणि काहीच करत नाही. यंत्राला जागं कसं करायचं, ते फक्त सुधाकरला ठाऊक. तो भांडून गेला, माझी निम्मी गिऱ्हाइकं घेऊन.

निवांत झोपायलाही उठवणारं कुणीतरी लागतं. त्याला फोन करावा, तर सुरुवातच सुचत नाही. घासाघिशीत आधी तोंड उघडेल तो हरला, हे मीच त्याला शिकवलं होतं.

"आमचे डॉक्टर दुसऱ्या कंपनीचं यंत्र बघतायत," शैलाताई हळूच म्हणाल्या.

"ठीक आहे," मी म्हणालो. घसरलेला कंगवा पुन्हा फटीत बसवला. लॅपटॉप चांगलाच तापला होता.