पिवळ्या पेन्सिलीतली अमेरिका

अमेरिकेत एकदाही पाऊल न ठेवता अमेरिकेतली झाडून सगळी भांडणं तोंडपाठ असलेला माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो रियाधच्या एका सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. भांडणं म्हणजे कोर्टकचेरीतली नव्हेत, चर्चमधली. तिकडच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांत कोणता पंथ कोणातून फुटला, कशावरून फुटला, पुढे कोणाशी जुळला आणि जुळताना कोण रुसून मागे राहिलं, हे आमचे एक्स-रेवाले फिल्म धुता धुता सांगत. मूळचे नगर जिल्ह्यातले. त्यांच्या पणजोबांना बोस्टनकडून आलेल्या मिशनऱ्यांनी बाप्तिस्मा दिला, तेव्हापासून आपल्या घराचा सात-बारा बोस्टनला आहे अशी त्यांची समजूत होती. "मुकादम, ज्या घरात जन्मलो त्या घराचे वाटेहिस्से माहीत नकोत?" असं ते मला विचारत. मी दापोलीकडचा मुसलमान, हॉस्पिटलच्या स्टोअरचा कारकून. मला माझ्याच घराचे वाटेहिस्से कधी कळले नाहीत, तर बोस्टनचे काय कळणार? पण ऐकायला मराठी माणूस दुसरा नव्हता, म्हणून मी ऐकत असे.

आमची ओळख पेन्सिलीवरून झाली. एक्स-रे फिल्मवर पेशंटचा नंबर घालायला पिवळी मेणाची पेन्सिल लागते. बाकीच्या सगळ्या हॉस्पिटलला वर्षभर जेवढ्या पेन्सिली पुरत, तेवढ्या हा एकटा माणूस दोन महिन्यांत संपवायचा. शेवटी मी चौकशीला गेलो. त्यांनी दार लावलं, कपाटामागून एक जुनी काळीकुट्ट फिल्म काढली आणि उजेडाच्या पेटीवर लावली. वरून एक जाड पिवळी रेघ निघालेली, तिच्या फांद्या, फांद्यांना फाटे, फाट्यांना डिरं. काही फांद्या लांब जाऊन पुन्हा एकमेकींना मिळालेल्या. नाव कुठेच नाही, फक्त आकडे. त्या देशात चर्चचं चित्र भिंतीवर लावणं म्हणजे कायमचं परतीचं तिकीट कापून घेणं, म्हणून नावं त्यांच्या डोक्यात होती. "ही अमेरिका," ते हळूच म्हणाले. नेमका त्याच वेळी आमचा मुदीर, म्हणजे खात्याचा मुख्य, एक इजिप्तचा डॉक्टर, आत आला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, पेटीसमोर वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "श्वासनलिका इतक्या फुटलेल्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. जगला का हा?" एक्स-रेवाले अटेन्शनमध्ये उभे राहून म्हणाले, "जगला, डॉक्टर. फुटून फुटून जगला." मुदीर हळहळत निघून गेले. त्यानंतर वर्षभर ते अधूनमधून त्या पेशंटची चौकशी करत, आणि आमचे भाऊसाहेब, मी त्यांना भाऊसाहेबच म्हणायचो, अगदी गंभीरपणे सांगत की सध्या बरं आहे, एक फांदी जुळायच्या बेतात आहे.

त्यांचा एक नियम होता. दोन पंथ एक झाले की तीन होतात. कारण जुळताना दोन्हीकडचे चार जण "आम्हाला नाही पटत" म्हणून मागे राहतात, आणि त्यांचा तिसरा पंथ होतो. काही भल्या माणसांना या फाटाफुटीचा वीट आला. आम्ही कुठल्याच पंथाचे नाही, नुसते ख्रिस्ती, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. त्याचाच एक नवा पंथ झाला, आणि पुढे प्रार्थनेला पेटी वाजवायची की नाही यावरून तोही फुटला. हे सांगताना भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून की रडून ते मला कधी कळलं नाही. मी म्हटलं, "भाऊसाहेब, आमच्या गावात मशिदीच्या दोन जमाती आहेत. दुसरी का निघाली सांगू? लग्नाचं जेवण शिजवायची मोठी डेग कोणाच्या पडवीत ठेवायची यावरून." त्यांनी ताबडतोब पेन्सिल उचलली आणि फिल्मच्या एका कोपऱ्यात आमच्या गावाला दोन फांद्या काढून दिल्या. असा मान आमच्या गावाला कुणी दिला नव्हता.

लग्नसुद्धा त्यांचं याच हिशेबात बसायचं. बायको कोल्हापूरकडची, तिकडे प्रेस्बिटेरियन मिशन, नगरच्या मिशनहून वेगळ्या पंथाचं. "जे अमेरिकेत जुळलं नाही ते आमच्या घरात जुळलं," असं ते म्हणत. वहिनी आतून म्हणत, "जुळलं कसलं, मी गप्प बसते म्हणून चाललंय."

एकदा त्यांनी सगळ्या हॉस्पिटलात बसबूसा नावाची रव्याची मिठाई वाटली. चौकीदारापासून मुदीरापर्यंत सगळ्यांना एकेक तुकडा. कारण विचारलं तर म्हणाले, "घरात समेट झाला." आता त्यांचा धाकटा भाऊ पश्चिम किनाऱ्यावरच्या यान्बूच्या रिफायनरीत फिटर आहे आणि दोघांत बोलणं नाही, एवढं मी वहिनींकडून ऐकलं होतं. मला खरोखर आनंद झाला. मी म्हटलं, "मुबारक! धाकटे आले का?" त्यांचा चेहरा उतरला. समेट यान्बूत नव्हता झाला, अटलांटा शहरात झाला होता. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे प्रेस्बिटेरियन सव्वाशे वर्षांनी एक झाले होते, आणि त्याची बसबूसा आम्ही रियाधला खाल्ली होती.

भावाभावांचं भांडण पाण्यावरून होतं. बांधाच्या पाण्यावरून नव्हे, बाप्तिस्म्याच्या. दोघांना तान्हेपणी आईच्या मांडीवर पाळकांनी कपाळाला पाणी लावून बाप्तिस्मा दिलेला. धाकटा मोठेपणी दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये गेला, आणि तिथे विहिरीत पूर्ण बुडी मारून त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. थोरल्याने विचारलं, "मग आईने तुला मांडीवर घेतलं होतं ते वाया गेलं का?" धाकटा म्हणाला, "तेवढ्या पाण्यानं कपाळाची पावडर जात नाही, पाप काय जाणार?" झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघे एकाच परक्या मुलखात नोकरीला आले, जिथे बुडी मारणाऱ्यालाही चर्च नाही आणि थेंब लावणाऱ्यालाही नाही, तरी बारा वर्षं एकाने दुसऱ्याला फोन केला नाही. मी कधी विषय काढलाच तर ते म्हणत, "फुटला तो. फुटणाऱ्याने यायचं असतं."

मग सद्दामने कुवेत घेतलं आणि रियाध अमेरिकन फौजेने भरून गेलं. आम्ही बायकापोरांना गावी पाठवून दिलं. वहिनी जाताना मला म्हणाल्या, "यांच्याकडे लक्ष ठेवा. ते फिल्म जपतील, स्वतःला जपायचे नाहीत." सगळं शहर काळजीत, आणि आमचे भाऊसाहेब मात्र खुशीत. कारण खोकला झालेले, पाय मुरगळलेले अमेरिकन शिपाई अधूनमधून आमच्याकडे एक्स-रेला येत. छातीचा फोटो काढायचा तर गळ्यातली साखळी काढावी लागते, आणि त्या साखळीतल्या पत्र्यावर शिपायाच्या नावाखाली त्याचा पंथ कोरलेला असतो. ज्या झाडाचं चित्र आयुष्यभर काढलं त्याची पानं आपल्या पायांनी चालत येऊन तळहातावर पडत होती. एका धिप्पाड पोराच्या पत्र्यावर 'मेथडिस्ट' असं होतं. भाऊसाहेबांनी त्याला यंत्रासमोर उभं केलं आणि विचारलं, "तुझं घराणं उत्तरेकडच्या मेथडिस्टांतलं की दक्षिणेकडच्या? एका बिशपला बायकोकडून गुलाम मिळाले तेव्हा तुम्ही उभे चिरलात, ते पंचाण्णव वर्षांनी जुळलात. तुझे पणजोबा कोणत्या बाजूला होते?" पोरगा बिचारा म्हणाला, "सर, मला खोकला आहे." दुसऱ्या एकाच्या पत्र्यावर लिहिलं होतं, 'काही पसंती नाही'. भाऊसाहेबांना ते दिवसभर पचलं नाही. "पसंती नाही? चहाकॉफी विचारली होती का त्याला? दोनशे वर्षं लोक भांडले ते कोणासाठी?"

जानेवारीत लढाई सुरू झाली आणि इराकची स्कड क्षेपणास्त्रं रियाधवर यायला लागली. ज्याला मुंबईचं, जेद्दाचं तिकीट मिळालं तो निघाला. ज्याला गाडी होती त्याने गाद्या टपावर बांधून पश्चिमेचा रस्ता धरला. भाऊसाहेब हलेनात. एक्स-रेला माणूस नाही, मी गेलो तर फोटो कोण काढणार, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण रक्तदाब वाढलेला, घरी एकटे, जेवणाची आबाळ. हल्ल्याच्या एका भोंग्याच्या वेळी ते जिन्यातच बसून राहिलेले मला सापडले. मी त्यांना खाली माझ्या खोलीत आणलं आणि म्हटलं, "धाकट्याला फोन करा." ते म्हणाले, "फुटणाऱ्याने—" मी पहिल्यांदाच त्यांचं बोलणं तोडलं. म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्हीच शिकवलंत ना? इतक्या पंथांत आम्ही फुटलो असं कोणी कधी म्हटलंय? प्रत्येक जण म्हणतो, समोरचा गेला." अमेरिकेचा इतिहास त्यांच्यावर उलटला होता. पण फोन काही त्यांनी केला नाही.

तेव्हा मी आमच्या कोकणी माणसांचं जे एक काम आहे ते केलं. यान्बूत आमच्या गावचे दोघे होते. त्यांच्याकडून धाकट्याचा नंबर मिळवला आणि त्याला सांगितलं, "दादा एकटे आहेत. तब्येत बरी नाही. मी सांगितलं असं सांगू नका." पलीकडून आवाज आला, "बोलावलंय का त्यांनी?" मी आयुष्यात बरंच खोटं बोललोय, पण त्या दिवशी बोलवेना. म्हटलं, "नाही." त्याने फोन ठेवला. गेला हाही मार्ग, असं मी समजलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या खोलीचं दार वाजलं; भाऊसाहेब तेव्हापासून माझ्याकडेच होते. सगळं रियाध पश्चिमेला पळत असताना हा माणूस कफीलची, म्हणजे मालकाची, परवानगीची चिठ्ठी खिशात घालून, हजारावर किलोमीटर गाडी हाकत उलटा पूर्वेला आला होता. हातात प्लॅस्टिकचा गठ्ठा, चिकटपट्ट्या आणि पेंडखजुराचा डबा. भाऊसाहेबांचीच उंची, तेच कपाळ. "दादा, चल," तो दारातूनच म्हणाला. "हॉस्पिटल टाकून येणार नाही," भाऊसाहेब म्हणाले. बारा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं ते एवढंच. पुढचं वाक्य दोघांपैकी कोणाला सुचायच्या आत भोंगा झाला.

आम्ही तिघे न्हाणीघरात शिरलो. खिडकीला प्लॅस्टिक, दाराच्या फटीला ओला टॉवेल. हॉस्पिटलने प्रत्येकाला एक मास्क दिलेला, म्हणजे माणसं तीन आणि मास्क दोन. भाऊसाहेबांनी आपला काढून धाकट्यापुढे धरला, "घाल." तो म्हणाला, "तू घाल." "मी थोरला आहे." "म्हणून तर तू घाल." माणसाने विषारी धूर यायची वाट पाहत असताना असं भांडू नये, पण हे दोघे भांडत होते. मी आपला मास्क घालून बसलो होतो, मला माझीच लाज वाटली. मीही काढला. शेवटी दोन्ही मास्क बादलीशेजारी तसेच पडून राहिले. दूर कुठेतरी दणका झाला, आरसा थरथरला, आणि भाऊसाहेब एकाएकी पांढरेफटक पडून भिंतीला टेकले.

"दादा!" धाकट्याने त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. बादलीत हात बुडवला आणि ओला तळवा त्यांच्या कपाळावरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मी दुआ पुटपुटत होतो. तो काय पुटपुटत होता ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने भाऊसाहेबांनी डोळे उघडले, वर भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी क्षीण आवाजात म्हणाले, "बघ. एवढं पाणी पुरतं."

धाकटा हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. "गप पड दादा," तो म्हणाला, "नाहीतर अख्खी बादली ओतीन." धोका टळल्याचा भोंगा झाला तरी आम्ही तिघे तिथेच फरशीवर बसून होतो, पेंडखजूर खात.

तो लढाई संपेपर्यंत राहिला. कफीलच्या चिठ्ठीत तीन दिवस लिहिले होते, बाकीचे त्याने निस्तरले. तो यान्बूला परत गेल्यावर भाऊसाहेबांनी ती फिल्म मला दाखवली. खालच्या कोपऱ्यात, आमच्या गावाच्या डेगीशेजारी, दोन नव्या फांद्या दूर जाऊन पुन्हा एक झाल्या होत्या. त्यांच्या बाजूला एक छोटी तिसरी रेघ होती. मी विचारलं, "ही कोण?" ते म्हणाले, "दोन एक झाले की तीन होतात, मुकादम. आमच्या बायका अजून बोलत नाहीत." पुढे त्याही बोलायला लागल्या, असं ऐकलं. निवृत्त होऊन गावी जाताना त्यांनी फिल्म मला देऊन टाकली. म्हणाले, "तुमचं गाव आहे हिच्यात."

परवा माझ्या छातीत दुखलं म्हणून दापोलीच्या डॉक्टरकडे गेलो. सगळे जुने फोटो एकाच पाकिटात, त्यामुळे डॉक्टरच्या हाती नेमकी तीच फिल्म लागली. तरुण डॉक्टर. त्याने ती उजेडावर लावली आणि पाहतच राहिला. पेन्सिल जरा पुसट झाली आहे, पण ती कोपऱ्यातली गाठ स्पष्ट दिसत होती.

"हा तुमचा नाही," तो म्हणाला.

"नाही. माझ्या एका मित्राचा."

"आहेत का ते?"

मी म्हटलं, "गेल्या पावसाळ्यात गेले. धाकट्या भावाच्या मांडीवर."