छत्रीवाल्या अप्पांचं अर्धं वाक्य

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली तेव्हा माझ्या मांडीवर माटुंग्याहून घेतलेली कॉफीची पूड होती आणि तिच्या वासाने आजूबाजूची माणसं माना वळवून बघत होती. शेजारच्या बाईंनी विचारलंच, “कुठं, अलिबागला?”

“नाही हो, बोर्ली पंचतनला. एका नटाला भेटायला.”

“अगंबाई! हिंदीतला?”

“तमिळ. विनोदी नट.”

बाई लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला असा राग आला! अहो, कुडै मुत्तू म्हणजे काय चीज होती! कुडै म्हणजे छत्री. वडिलांच्या नोकरीमुळे माझं अख्खं लहानपण मद्रासला गेलं. तिथल्या कोट्टगैत (तंबूच्या थिएटरात) वाळूवर फतकल मारून आम्ही भावंडं मुत्तूची वाट बघायचो. पडद्यावर आधी छत्रीचं टोक दिसायचं, आणि माणूस दिसण्याआधीच सगळा तंबू खदखदायला लागायचा. त्या सिनेमांतले नायक कोण होते ते मला आज धड आठवतही नाही.

या मुत्तूंची मुलगी कल्याणी माझ्या भाचीची मैत्रीण. बोर्लीच्या मुलाशी लग्न करून तिथेच शाळेत शिकवते. आई गेल्यावर तिने वडिलांना आपल्याकडे आणलं. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. “मावशी, अप्पा वाक्य अर्धं सोडतात हो. बोलता बोलता थांबतात आणि नुसते बघत राहतात. डॉक्टर म्हणतात, वयाने विसरायला लागलेत. भाऊ त्यांना चेन्नईच्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतोय, पुढच्या महिन्यात न्यायलाच येतोय. त्याआधी एकदा येऊन तमिळमध्ये बोला ना त्यांच्याशी.” असं म्हटल्यावर घरी कोण बसणार?

रेवसहून एसटी, अलिबागला दुसरी, मुरूडला तिसरी. हाडं खिळखिळी झाली. आगरदांड्याला उतरते तो काय, दिघीची बोट माझ्या डोळ्यांदेखत सुटली. तिकीटवाला शांतपणे म्हणाला, “येल ना दुसरी. बसा, वडापाव खा.” बसले, खाल्ला. तेवढ्यात कॉफीची पिशवी फाटली आणि निम्मी पूड जेट्टीवर सांडली. उरलेली रुमालात बांधून घेतली.

दिघीला रिक्षावाल्याला बोर्लीच्या शाळेतल्या कल्याणीबाई म्हटलं, पुढचा पत्ता सांगायची गरजच पडली नाही. “छत्रीवाल्या मद्रासी आज्यांकडं? व्हय, म्हायती हाय. भर उन्हात मिटलेली छत्री घेऊन फिरतात. एकदा म्हटलं, आजोबा, उघडा की. तर म्हनाले, ‘छत्रीची तब्येत बरी न्हाय.’ आनि माझ्याकडं बघतच राह्यले. मी म्हटलं, बिचारं म्हातारं!” रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या होत्या, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं.

अप्पा ओटीवर बसले होते. केवढेसे झालेले! मी तमिळमध्ये नमस्कार केला तसे त्यांचे डोळे लकाकले. कल्याणीने लगेच पानं घेतली. भात, लाल भोपळ्याची भाजी, आणि चिंचेऐवजी आमसुलं घालून केलेलं रसम. ही सोय खास बोर्लीची. अप्पांनी घोट घेतला आणि म्हणाले, “कल्याणीच्या हातचं रसम प्यायलं की मला तिच्या आईची आठवण येते.”

आणि थांबले. वाटी हातात तशीच, नजर आमच्यावर.

“बघितलंत?” कल्याणी मराठीत कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते. “अप्पा, जेवा. भात निवतोय.” अप्पांनी मान खाली घातली आणि जेवायला लागले. मी मात्र अप्पांकडेच बघत राहिले. थांबताना त्यांची डावी भुवई किंचित वर गेली होती. ती भुवई मी लहानपणी भिंतीएवढी मोठी बघितली होती.

दुपारची झोप झाल्यावर ओटीवर उरलेल्या पुडीची कॉफी घेत अप्पा जुन्या गोष्टी सांगत होते. नाटक कंपनीत पडदा ओढायला लागले. पहिल्या सिनेमात गर्दीत उभे असताना वाऱ्याने छत्री उलटी झाली, दिग्दर्शकाला हसू आवरेना, आणि छत्री जन्माची चिकटली. विनोदी प्रसंगांचं शूटिंग वेगळं व्हायचं, वेगळा लेखक, वेगळी माणसं. मग ते मूळ सिनेमात मध्ये मध्ये जोडायचे. “ज्या नायकांबरोबर माझं नाव लागलं, त्यातल्या कित्येकांना मी कधी भेटलोच नाही,” ते म्हणाले. पुढे ती पद्धत बंद पडली आणि कामही. “मी फक्त एडिटरशी भांडायचो. वाक्यानंतर हशाची जागा सोडलेली असते, ती कापायची नाही. नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडून जातं.”

मी कॉफी तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेले. “कल्याणी, तुझी आई हसायची का गं?”

“कशालाही! अप्पा नुसतं ‘मीठ दे’ म्हणाले तरी हसायची. मला इतका वैताग यायचा.”

“आणि हे अर्ध्यावर थांबणं कधीपासून?”

“आई गेल्यापासून,” ती म्हणाली, आणि हातातलं पातेलं तिने हळूच खाली ठेवलं.

संध्याकाळच्या जेवणाला तेच रसम होतं आणि अप्पांचं वाक्यही तेच. “...तिच्या आईची आठवण येते.” भुवई वर गेली. कल्याणीने पदर तोंडात धरला. मी हसले, चांगली खळखळून.

“तीही रसम असंच बिघडवायची,” अप्पा म्हणाले आणि पुढचा घोट घेतला. कल्याणी हसता हसता रडायला लागली. अहो, मीही रडले. त्याच रात्री तिने भावाला फोन करून सांगून टाकलं की अप्पा कुठेही जाणार नाहीत.

परतीच्या लाँचमध्ये मला सकाळचा निरोप आठवत होता. अप्पा छत्री घेऊन फाटकापर्यंत पोचवायला आले होते. म्हणाले, “पुन्हा येशील तेव्हा मी काही भेटणार नाही.”

हसायचं कसं यावर? कल्याणी शेजारीच उभी होती. एरवी ती ‘असं काय बोलता अप्पा’ म्हणून आत निघून गेली असती. आज ती थांबली. तिने अप्पांच्या भुवईकडे बघितलं आणि ती हसली, मोठ्याने.

“दुपारच्या बोटीने आलीस तर,” अप्पा म्हणाले. “मी झोपलेला असतो.”

आता आम्ही दोघी हसत सुटलो. अप्पा मात्र कल्याणीकडे टक लावून बघत होते.

“हसतेस अगदी आईसारखी,” ते म्हणाले आणि थांबले.

आम्ही वाट बघत राहिलो. भुवई वर गेली नव्हती. ते वाक्य तेवढंच होतं.