ज्यांना आवडले नाही, त्यांनी आधी

इंदुमतीताई सोनकांबळे येत्या रविवारी अध्यक्षांच्या खुर्चीवर बसणार नाहीत. त्या प्रेक्षकांत बसून चित्रपट पाहतील आणि तो आपल्याला कसा वाटला हे संपल्यावर सर्वांसमोर सांगतील. ही बातमी प्रथम त्यांच्या कन्या आणि त्या चित्रपटाच्या दिग्दर्शिका प्रज्ञा यांनी मुंबईहून गौरव समितीला कळवली. माझा विश्वास बसेना, म्हणून मी स्वतः ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हाव, म्हणले मी तसं. आता उगं त्याची बातमी करू नका." ताईंची क्षमा मागून ती बातमी या गौरवग्रंथात देत आहे.

नांदेड-लातूरच्या बाहेरच्या वाचकाला यात विशेष काय, असा प्रश्न पडेल. टीव्हीवरच्या मालिकांचे भाग आणि चित्रपट पाहून लोकांनी मोकळेपणी बोलावे, यासाठी ताईंनी सुरू केलेली रविवारची बैठक आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. 'तुम्हाला कसं वाटलं?' हा प्रश्न त्यांनी आजवर किती जणांना विचारला असेल, कोण जाणे. स्वतःचे मत मात्र त्यांनी एक अपवाद सोडला तर कधीही सांगितलेले नाही. वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना त्या ते प्रथमच ठरवून सांगणार आहेत, आणि तेही मुलीच्या चित्रपटाबद्दल.

ताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी नांदेडच्या एका दैनिकात नवा वार्ताहर होतो. टेलिफोन कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत लोक एका घरी जमून मालिका पाहतात आणि नंतर तिच्यावर बोलतात, असे संपादकांच्या कानावर आले होते. संध्याकाळपर्यंत छोटा मजकूर द्यायचा होता. मी पोहोचलो तेव्हा भाग संपला होता, सतरंजीवर माणसे दाटीने बसली होती आणि समोर खुर्चीवर ताई होत्या. घाईत असल्याने मी त्यांना म्हणालो, "लोकांना भाग आवडला की नाही, तेवढं एका ओळीत सांगा."

ताईंनी आधी माझ्या हातात चहा दिला. मग म्हणाल्या, "कोणत्या लोकांना? या वहिनींना आवडला. त्यांच्या मालकांना नाही आवडला. एका घरात दोन मतं आहेत. तुम्ही कोणाचं छापता?"

"जागा असली तर दोन्ही छापतो."

"मग जागा करा आणि या."

संपादकांशी थोडी हुज्जत घालून मी जागा केली. वहिनी आणि त्यांचे मालक शेजारीशेजारी छापले गेले. पुढे त्यातूनच आमच्या रविवार पुरवणीत प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचे सदर सुरू झाले. ते मी निवृत्त होईपर्यंत लिहीत होतो आणि आता दुसरे कोणी लिहिते. त्याचा साचा अजूनही ताईंचाच आहे.

ताईंचे माहेर उमरीचे. वडील शेतात रोजंदारीवर जात. घरात शिकलेले कोणी नव्हते, पण मुलीने शिकावे असे साऱ्या घराला वाटे. नांदेडच्या टेलिफोन केंद्रात ताई ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी नोंदवावा लागे आणि मग तासन्‌तास वाट पाहावी लागे. लाइन लागली की ताई दोन्हीकडच्यांना "बोला" म्हणत आणि कानावरचा हेडफोन बाजूला करत. बैठकीत एखाद्याची वेळ आली की आजही त्या तेवढाच शब्द उच्चारतात, आणि सूरही तोच असतो.

वसाहतीत पहिला टीव्ही ताईंच्या घरी आला. विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला असलेल्या त्यांच्या यजमानांनी, मारोतरावांनी, तो हौसेने घेतला होता. भाग संपला की शेजाऱ्यांची जिन्यात वादावादी होई. ताईंनी त्यांना परत आत बोलावून एकेकाला बोलायला लावले. सुरुवातीच्या अशाच एका रविवारी त्या सहज म्हणून गेल्या, "मला तर बाई आवडला." मघाशी त्याच भागाला कंटाळवाणा म्हणणारे शेजारी लगेच म्हणाले, "हाव ताई, तसा बराच होता म्हणा!" वर मी उल्लेखलेला अपवाद तो हाच. ताईंनी पुढे मला सांगितले, "त्या दिवशी कळलं. टीव्ही माझा, चहा माझा, मग मतबी माझंच होऊन बसतं."

तेव्हापासून बैठकीचे नियम ठरले. ज्यांना आवडले नाही, त्यांनी आधी बोलायचे, कारण स्तुती सुरू झाली की नावडलेला माणूस गप्प बसतो. कोणी कोणाला उत्तर द्यायचे नाही. आणि खुर्चीवर बसणाऱ्याने आपले मत सांगायचे नाही. वसाहतीतून बैठक सभागृहात गेली, लातूरला तिची शाखा निघाली, टीव्हीबरोबर चित्रपट आले. नियम मात्र बदलले नाहीत.

या नियमांचा सर्वाधिक लाभ घेतला तो शेषरावमामांनी. मामा मूळचे देगलूरचे, एसटीचे निवृत्त चालक. न आवडलेल्यांच्या पहिल्या फेरीत ते उठले नाहीत असा रविवार मला आठवत नाही. एका मारधाडीच्या चित्रपटानंतर ते म्हणाले, "एवढी हाणामारी झाली, पण त्या गड्याच्या शर्टाची इस्त्री काही मोडली न्हाई. आमाला त्याचा पिच्चर नको, त्याच्या धोब्याचा पत्ता द्या." सभागृह हसून लोटपोट झाले. ताईंना हसू आवरत नव्हते. पदर तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "पुढचे. बोला."

जे हसवू शकत नाहीत, ज्यांना उठून उभे राहण्याचीही भीती वाटते, त्यांच्याकडे ताईंचे अधिक लक्ष असे. पारूबाई नावाच्या एक बाई बैठकीला येत आणि काही न बोलता जात. ताई त्यांना चहाच्या वेळी गाठत आणि उभ्याउभ्या गप्पा मारत. एकदा एका मालिकेत सून घर सोडून जाते असा भाग होता. सगळे तिच्या बाजूने किंवा विरुद्ध तावातावाने बोलले. चहा घेताना पारूबाई ताईंच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. ताईंनी हातातला कप खाली ठेवला. "हे तिकडं सांगा. मी सोबत उभी राहते." आणि खरोखरच त्या त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पारूबाई म्हणाल्या, "ती गेली ते बरं केलं का वंगाळ केलं, मला कळंना. पण दारात लेकरू उभं होतं. जेवलास का म्हणून त्याला कुणीच इचारलं न्हाई." तो भाग आम्ही सर्वांनी पाहिला होता, पण ते मूल आमच्यातल्या कोणालाच दिसले नव्हते. पुढच्या पुरवणीत मी तेवढेच छापले, मोठ्या अक्षरांत.

ताईंच्या मौनाची किंमत त्यांनाही मोजावी लागली आहे. लातूरच्या बैठकीत एकदा गावकुसाबाहेरच्या मुलाची गोष्ट सांगणारा चित्रपट दाखवला गेला. काही जण रडत होते. काही जण उघडपणे नाराज होते. एक तरुण प्राध्यापक उठून कळवळून म्हणाले, "ताई, हे तुमचं-आमचं जगणं आहे. आज तरी त्या खुर्चीवरून खाली येऊन बोला." ताई त्यांच्याकडेच पाहत म्हणाल्या, "पुढचे. बोला." पुढे उठलेल्या शेतकरी गृहस्थांनी, असे आमच्या गावात काही नव्हते, चित्रपटवाले वाढवून दाखवतात, असे सांगितले. ताईंनी तेही ऐकून घेतले.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर मागे पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग त्यांनी मला विचारले, "भाऊ, मी चुकले का?" माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याच म्हणाल्या, "मी बोलले असते तर त्या माणसानं तोंड उघडलं नसतं. त्याचं त्याच्या पोटातच राहिलं असतं. आणि घरी जाऊन तेच पोराला शिकवलं असतं. आता निदान चारचौघांत म्हणाला. कुणीतरी समजावणारं कधीतरी त्याला भेटेल." एवढे बोलून त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या झोपल्या नव्हत्या, हे मला कळत होते.

मला त्यांच्याकडून मिळालेला जिव्हाळा या लेखात मावणारा नाही. एकच प्रसंग सांगतो. माझी आई लातूरला रुग्णालयात होती आणि मी तिच्यापाशी होतो. सदर त्या आठवड्यात बंद ठेवावे असे मी ठरवले होते. रविवारी संध्याकाळी रुग्णालयाच्या फोनवर ताईंचा आवाज आला, "घ्या, लिहा. आधी न आवडलेले." पूर्वीच्या ऑपरेटरच्या शांत, स्पष्ट आवाजात त्यांनी एकेक प्रतिक्रिया सांगितली. शेवटी म्हणाल्या, "आईंना फोन द्या." आई फार बोलू शकत नव्हती. ताईंनी तिला त्या दिवशीच्या भागाची सगळी गोष्ट सांगितली असावी, कारण फोन ठेवताना आई म्हणाली, "ती सासू सुधारणार न्हाई बघ." कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होते.

आता प्रज्ञा यांच्याविषयी. हे मी दोघींना विचारून लिहीत आहे.

प्रज्ञा मुंबईला गेल्या आणि मालिकांसाठी लेखन करू लागल्या. त्यांनी लिहिलेला एक भाग प्रक्षेपित होणार होता. त्या रविवारी त्या मुद्दाम नांदेडला आल्या आणि बैठकीत मागच्या बाजूला बसल्या. भागात एक आई होती. नोकरी करून मुलांना वाढवणारी, कमी बोलणारी. भाग संपला. सवयीप्रमाणे शेषरावमामा उठले. लेखिका कोण आहे आणि ती कुठे बसली आहे, हे त्यांना चांगले माहीत होते. त्यांनी ताईंकडे पाहिले. ताई म्हणाल्या, "बोला मामा. न आवडलेले आधी."

मामांचा आवाज जरा उतरला होता. "लेकीनं लिवलंय, म्हणून जड जायलंय. पण ती आई खोटी हाय. आई एवढी गप राहत न्हाई. कधी ना कधी लेकराजवळ बोलतेच."

दुसऱ्या फेरीत पुष्कळांनी कौतुक केले. दोघी-तिघींनी डोळे पुसले. ताईंनी सगळे ऐकले आणि बैठक संपल्याचे सांगितले. लोक गेल्यावर सतरंज्या गुंडाळताना प्रज्ञा म्हणाल्या, "आई, सगळ्यांचं ऐकलं. तुझं राहिलं."

"मी खुर्चीवर होते गं."

"आता तर उठलीस ना?"

ताईंनी सतरंजीचे दुसरे टोक उचलले आणि ती गुंडाळून होताच त्या चहाचे कप मोजून ठेवायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रज्ञा मुंबईला परतल्या. त्यानंतर फोनवर दोघी तब्येतीविषयी बोलत, पावसाविषयी बोलत. कामाविषयी मुलीने सांगणे सोडून दिले आणि आईने विचारले नाही. मारोतराव गेल्यानंतर घरी फोनची वाट पाहणाऱ्या ताई एकट्याच उरल्या, तरीही हा विषय दोघींमध्ये तसाच राहिला. ताईंनी एकदा मला सांगितले, "तो भाग माझ्या मनातून जात नाही. पण आता कुठल्या तोंडानं सांगू? ती म्हणेल, एवढी वर्षं लागली का?"

मागच्या वर्षी प्रज्ञा यांनी आपला पहिला चित्रपट पूर्ण केला. त्याचे चित्रीकरण देगलूर आणि उमरीच्या परिसरात झाले. पहिला खेळ मुंबई-पुण्यात न करता नांदेडच्या बैठकीत, आईच्या गौरवाच्या दिवशी करायचा, असे त्यांनी ठरवले आणि समितीने ते आनंदाने मान्य केले. त्यानंतर त्यांनी आईला फोन केला. तो संवाद मला दोघींनी वेगवेगळा सांगितला आणि दोन्हीकडून सारखाच निघाला.

प्रज्ञा म्हणाल्या, "शेषरावमामांना काय वाटेल ते मला आत्ताच पाठ आहे. तुला काय वाटतं, ते मला आजतागायत माहीत नाही."

मग ताईंनी विचारले, "मध्यंतर आहे का गं पिच्चरला?"

"आहे."

"मग बरंय. मधी पाणी प्यायला उठता येईल. खुर्चीवर दुसरं कुणी बसवा."

खुर्चीवर कोणाला बसवायचे, यावर समितीत एकच नाव निघाले. शेषरावमामांना ते कळवायला मी गेलो, तेव्हा ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. खुर्चीवर बसणाऱ्याला मत सांगता येत नाही, हे लक्षात येताच त्यांनी शेंगा खाली टाकल्या. "म्हंजी आमचं तोंड बांधलं म्हणा की! ताईला बोलतं करायला आमाला मुकं करता?" थोडा वेळ ते धुसफुसले. मग हळू आवाजात म्हणाले, "बसतो. एक दिवस गप बसल्यानं काय मरत न्हाई. ताई एवढी वर्षं बसली."

ताईंची तब्येत आता पूर्वीसारखी नाही. गुडघे दुखतात, जिना चढताना त्या कठड्याचा आधार घेतात, पण कान आणि स्मरण दोन्ही शाबूत आहेत. कोणत्या रविवारी कोण काय बोलले हे त्या अजूनही सांगतात. आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे की त्यांना भरपूर आणि निरोगी आयुष्य मिळावे. दुसऱ्यांचे ऐकण्यात त्यांनी एवढा काळ घालवला आहे की स्वतःचे सांगायला त्यांना एक रविवार पुरणार नाही. ते सगळे रविवार त्यांना मिळोत, आणि समोर बसून ऐकण्याचे भाग्य आम्हाला मिळो.

रविवारी संध्याकाळी चित्रपट सुरू होईल. तो संपल्यावर दिवे लागतील आणि मामा पहिली फेरी पुकारतील. त्या फेरीत ताई हात वर करतील की दुसरीची वाट पाहतील, हे प्रज्ञा यांनी आईला विचारलेले नाही. मी त्यांना त्याविषयी छेडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिल्या फेरीत उठली तरी चालेल. मी तिच्या शेजारीच बसणार आहे. उठताना गुडघा दुखतो तिचा, हाताचा आधार लागेल."