शिंपल्यांनी निवळलेलं तळं

सत्तरच्या दशकात आम्ही कसबा बावड्याला राहायला गेलो तेव्हा घरात तिघंच होतो. आई, थोरला भाऊ आणि मी. दादा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, मी राजारामपुरीतल्या एका शाळेत शिकवत होते. दोघांचीही लग्नं राहून गेली होती आणि आईनं त्याबद्दल बोलणं सोडलं होतं. घरामागं बरीच मोकळी जागा होती. आईला तिथं भाजी लावायची होती. दादानं तळं खणलं.

मासे पाळायची त्याला हौस नव्हती. बेडूक, चतुर, पाणकिडे, पाखरं, जे आपणहून येईल ते येऊ दे, असं त्याचं म्हणणं. रोज कॉलेजातून आला की धोतराचा काचा मारून तो खड्ड्यात उतरायचा आणि काळी माती पायानं तुडवून तळाला बसवायचा. एरवी अबोल माणूस, पण तळ्याजवळ उभा राहून तो आईशीसुद्धा गप्पा मारायचा.

पावसाळ्यात तळं भरलं. दिवाळीपर्यंत पाणी हिरवंगार झालं आणि घाण वास मारू लागला. दादानं कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तकं आणली. एक दिवस जेवताना म्हणाला, "शिंपले सोडायला पाहिजेत. गोड्या पाण्यातले. ते पाणी आत ओढतात, त्यातलं शेवाळ खातात आणि स्वच्छ पाणी बाहेर टाकतात."

ही गोष्ट मी शेजारच्या वहिनींना सांगितली. त्या माझ्याच वयाच्या. नवरा साखर कारखान्यात फिटर होता. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, त्यामुळे सासरी जाणं त्या टाळायच्या आणि दुपारभर आमच्याकडे असायच्या.

"अक्का, त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. "आमच्या गावाकडं नदीत ढीग हायत. पायाला लागत्यात. हितंबी असतील की."

रविवारी दादा, वहिनी आणि मी नदीवर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गेलो. निघताना वहिनींचा नवरा दारात उभा राहून हसत होता. "मास्तर, शिंपल्यांनी कुठं पानी साफ हुतंय व्हय?" पण त्यानं बायकोला अडवलं नाही, उलट स्वतःची बादली काढून दिली.

वहिनी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात शिरल्या. गाळात पाय फिरवायच्या, थांबायच्या आणि वाकून तळहाताएवढा काळपट शिंपला वर काढायच्या. मलाही जमू लागलं. दोन्ही बादल्या भरल्या. इतकं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

शिंपले तळ्यात सोडले आणि हळूहळू पाणी निवळलं. उन्हाळ्यापर्यंत तळाची माती दिसू लागली, शिंपल्यांनी तीत ओढलेल्या रेघाही दिसायच्या. खंड्या येऊन बसायचा. वहिनी संध्याकाळी काठावर बसून भाजी निवडायच्या. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथंच त्यांनी मला दिवस राहिल्याचं सांगितलं. आई त्यांना रोज काहीतरी करून घालू लागली.

पाऊस ओसरला आणि वहिनींना थंडी वाजून ताप भरला. त्या सुमाराला हिवताप पुन्हा सगळीकडे डोकं वर काढत होता. ताप उतरायचा, दिवसाआड पुन्हा चढायचा. मी त्यांच्यावर गोधड्या टाकायचे, तरी बाज हलत राहायची. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं औषधं चालू झाली, पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. सातव्या महिन्यात वहिनी गेल्या. पोटातलं बाळही गेलं.

त्यांच्या सुतकाच्या दिवसांत एकदा सकाळी दादानं मला मागं बोलावलं. त्याच्या हातात तळ्यातल्या पाण्यानं भरलेला काचेचा पेला होता.

"पृष्ठभागाशी बघ. साध्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून लोंबतात. या आडव्या पसरल्यात."

"म्हणजे?"

"हिवतापाच्या डासाच्या आहेत. त्याला घाण पाणी चालत नाही. असंच निवळ लागतं." त्यानं पेला जमिनीवर ठेवला. "मी हे मुलांना शिकवतो."

मी म्हणाले, "सगळ्या बावड्यात पाणी साचलंय. शेतात, विहिरींत, कारखान्याच्या मागं. वहिनींना चावलेला डास इथलाच होता कशावरून?"

"कशावरूनच नाही."

"मग बोलू नकोस. त्यांच्या नवऱ्याला आता हे सांगून काय मिळणार आहे?"

"मला ठाऊक आहे आणि त्याला नाही. मी त्याच्या समोर उभा कसा राहू?"

मी त्याचा हात धरला. आईनं शपथ घातली. तरी तेराव्यानंतर तो शेजारी गेला. मी कुंपणापाशी उभी होते. दादाचं बोलणं ऐकू आलं नाही. मग शेजाऱ्याचा आवाज आला.

"कशाला सांगितलासा, मास्तर? गप ऱ्हायला असता तर काय बिघडलं असतं?"

दुसऱ्या दिवशी तो रॉकेलचा डबा घेऊन आमच्या परसात आला. ते रॉकेल वहिनींनी रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेलं. दुसऱ्या हातात पिकावर मारायच्या औषधाची बाटली होती. आई ओरडत पुढं झाली. दादानं तिला मागं ओढलं आणि स्वतः बाजूला झाला. शेजाऱ्यानं दोन्ही तळ्यात रिकामं केलं. मग तो काठावर बसला.

"तिनंच आणली न्हवं ही?" शिंपल्यांकडे बघत तो म्हणाला. "मीच बादली दिलती."

दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला आणि डबा तिथंच टाकून निघून गेला.

एकेक करून शिंपले उघडले. आतलं पांढरं मांस सडू लागलं, बेडूक फुगून वर आले, कावळ्यांनी परस भरून गेलं. दादानं सगळं हातांनी बाहेर काढलं. मी टोपली धरली. साबणानं कितीदा धुतले तरी हातांचा वास जाईना. जेवताना तो घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवायचा. नंतर गाडीभर मुरूम टाकून आम्ही तळं बुजवलं.

वर्षभरात शेजाऱ्यानं दुसरं लग्न केलं. नवी बायको कुंपणापलीकडून आमच्याकडे बघायची, पण बोलायची नाही. दादा कॉलेजला जायचा, शिकवायचा, घरी येऊन दार लावून घ्यायचा. त्यानं बरोबर केलं की चूक, यावर आमचं एकदाही बोलणं झालं नाही. मनात मात्र मी त्याच्यावर फार वर्षं रागावलेली होते. दुःख होतंच, त्यात त्यानं त्या माणसाला आणखी एक ओझं दिलं, असं मला वाटे.

ऐंशी सालच्या सुमारास आई गेली. शेजारी न बोलावता आला आणि त्यानं तिरडीला खांदा दिला. स्मशानातून परतल्यावर पुरुषमाणसं अंगणात बसली. मी चहा नेला. तो दादाच्या शेजारीच बसला होता. दादानं विचारलं, "कारखाना कधी सुरू होतोय?"

"पुढच्या म्हयन्यात," तो म्हणाला. "औंदा ऊस कमी हाय."

त्यानं चहा संपवला, कप माझ्या हातात दिला आणि चपला घालून घरी गेला.