काकू आणि फौजदार

"तसं काही नाही," असं म्हणून काकू पदराला हात पुसायच्या, हात कोरडे असले तरी. तब्येत बरी नाही का? तसं काही नाही. लग्नाला का आला नाहीत? तसं काही नाही. सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या अगदी खालच्या मजल्यावर राहत. आता तिथे दुसरं कुटुंब आहे. काकू नागपूरला बहिणीकडे गेल्या.

तुमच्याही शेजारात असं कोणी असेल, घरातलं काही उंबऱ्याबाहेर येऊ न देणारं. पण काकूंच्या घरातली एक गोष्ट साऱ्या सोसायटीला ठाऊक होती. एकदा त्यांनी दार उघडलं तेव्हा गुजराती दूधवाल्याला त्यांच्या खांद्यावर हातभर लांबीचा सरडा दिसला. तेव्हापासून तो पिशवी जिन्यातच ठेवून, लांबून "बेन, दूध!" अशी हाक मारून निघून जायचा.

तो बिअर्डेड ड्रॅगन होता, परदेशी जातीचा सरडा. काकूंचा एकुलता एक मुलगा जवळच्याच गोरव्याच्या कारखान्यात इंजिनियर होता. त्याने तो हौसेनं पाळला होता. चिडला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगून काळी व्हायची, म्हणून नाव फौजदार. मुलगा घरात होता तोवर काकूंनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. "पाल ती पालच," म्हणायच्या.

मग साध्या तापाचं निमित्त होऊन मुलगा गेला. तेराव्याला जमलेले नातेवाईक म्हणाले, हे जनावर कुणाला तरी देऊन टाका. काकू उठल्या, त्या खोलीत गेल्या आणि काचेच्या पेटीवरचा दिवा लावून आल्या.

त्यानंतर त्या दिव्याला सोडून त्या कुठे गेल्या नाहीत. त्याच्या उबेशिवाय फौजदाराला अन्न पचायचं नाही. चातुर्मासात कांदासुद्धा घरात न आणणाऱ्या काकू ओट्सच्या डब्यात अळ्या पोसू लागल्या. चिमट्यात अळी धरायची, तिच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची आणि डोळे मिटून पेटीत हात घालायचा. एकदा मी तिथेच उभी होते. म्हणाल्या, "माझ्या हातून रोज हत्या होते गं. पण याला भूक लागते."

जानेवारीत केबल जळून आमच्या इमारतीची वीज गेली. काकूंनी पहिल्यांदाच माझं दार वाजवलं. स्वेटरच्या गळ्यातून फौजदाराचं डोकं बाहेर आलं होतं. "गरम पाण्याची पिशवी आहे का तुझ्याकडे? हा गार पडतोय." माझ्या स्वयंपाकघरात त्या दिवसभर बसून राहिल्या, पोटाशी जनावर आणि पिशवी धरून. चहासुद्धा घेतला नाही.

दिवे आले, पण फौजदाराचं काही ठीक दिसेना. खाणं सोडलं. पेटीच्या कोपऱ्यात काचेवर पुढचे पाय घासत राहायचा, नखांतून रक्त येईपर्यंत. काकू काचेला कपाळ टेकून विचारायच्या, "काय पाहिजे रे तुला? सांग ना." शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही फिरलो. एकाने हसून सांगितलं, मी कुत्री-मांजरं बघतो. दुसऱ्याने एक्स-रे तरी काढला. पोटात गोल गोल सावल्या भरल्या होत्या.

"अंडी आहेत," तो म्हणाला. "तुमचा फौजदार बाई आहे. नराशिवायही या माद्यांना अंडी होतात. घालता आली नाहीत तर मात्र कठीण."

काकू फौजदाराकडे वळून म्हणाल्या, "बाई आहेस होय तू. आणि मला सांगितलं नाहीस."

अंडी घालायला घमेलंभर ओली वाळू आणली. फौजदार तिच्यात उकरायची, थकायची, तशीच पडून राहायची. अंडं एकही आलं नाही. मान उचलेनाशी झाली तेव्हा अहमदाबादच्या एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घेऊन या, पोट उघडून बघू. मी गाडी काढली.

एक्सप्रेसवेवर काकू मांडीवरच्या खोक्यात हात घालून बसल्या होत्या. त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली.

"त्या दिवशी मी दवाखान्यात त्याच्याजवळच होते. म्हणाला, आई, फौजदाराला कालपासून खायला नाही, घालून ये. मी म्हटलं, मरू दे ती पाल. तर म्हणाला, जा ना. मी घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा त्या पेटीत हात घातला. घास भरवत होते, तेवढ्यात फोन वाजला."

मी समोर रस्त्याकडे बघत राहिले.

"तो एकटा गेला गं. आणि मी हिला भरवत होते. हिला मी एकटी नाही जाऊ देणार."

अहमदाबादच्या डॉक्टरांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. "डॉक्टरसाहेब, मी मध्ये येणार नाही. फक्त शेपटीला हात लावून उभी राहीन." त्यांच्याकडे बघून डॉक्टरांनी मास्क पुढे केला.

अंडी निघाली, पण फौजदार भुलीतून उठली नाही. डॉक्टर छातीवर यंत्र लावून ऐकत होते. काकूंचा हात तिथेच होता. "गेली ना?" त्यांनीच विचारलं. "मला कळलं. आता कळलं."

परतीच्या वाटेवर त्या रडल्या नाहीत. एका धाब्याजवळ म्हणाल्या, "थांबव. मला भूक लागली आहे." आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. काकूंनी खोकं आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि ताटातलं सगळं, मन लावून, सावकाश खाल्लं. मालक पाणी द्यायला आला आणि खोक्यात काय आहे म्हणून हसून विचारू लागला.

"आमां शुं छे, बेन? मीठाई?"

"ना भाई," काकू म्हणाल्या. "मारा दीकरानुं छे."

माझ्या मुलाचं आहे. मुलगा गेल्यापासून त्याच्याविषयी परक्या माणसाशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "क्यां छे दीकरो?" मुलगा कुठे असतो, त्याने सहज विचारलं. काकूंनी बाकावर सरकून त्याला बसायला जागा करून दिली, आणि सांगायला लागल्या.