फेरिदेची भवानी

फेरिदे आमच्या तिरानाच्या चौकात डोंगरी चहाच्या जुड्या विकायची. फुटपाथवर अंथरलेली एक घोंगडी, एवढंच दुकान. नवरा गेल्यावर घर त्या घोंगडीवरच चाललं. तोंडाने फटकळ. कोणी भाव पाडायला लागलं की म्हणायची, "जा, गवत उकळून पी."

पण भवानीच्या गिऱ्हाइकाला ती कधी नाही म्हणायची नाही. इथे कोणीच म्हणत नाही. सकाळचा पहिला माणूस मागेल ते द्यायचं, त्याची नोट हनुवटीला लावायची, मग दिवस सुरू.

चौकामागे टॉवर उठला, बाहेरच्या पैशांवर. मॅनेजर एर्यॉन मात्र इथलाच, फेरिदेच्या चहावर वाढलेला. फ्लॅट घ्यायला येणाऱ्यांना खाली घोंगड्या दिसता कामा नयेत, हे त्याचं दुखणं. नगरपालिकेने सगळ्यांचा फुटपाथ टॉवरवाल्यांना देऊनही टाकला. पण बसलेल्या बाईला उचलायला गेलं की लोक जमायचे, भांडण पेटायचं.

एके सकाळी हा पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी हजर.

"मावशी, भवानी माझी. सगळं दे."

"सगळं?"

"घोंगडीसकट."

तिने दिलं. शेजारी कणसं भाजणारा बेक्ताश म्हणाला, "आज मजा आहे बुवा तुझी." ती नोटा हनुवटीला लावतेय तोवर मजुरांनी मोकळ्या जागेवर पत्रे ठोकले. चहा तिच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या गाडीत गेला. मी समोरच्या टपरीत किल्ल्या घासत होतो. मला त्या माणसाची किळस आली, अजून येते.

दुसऱ्या सकाळी एर्यॉन बेक्ताशपुढे उभा. "भवानी माझी. शेगडीसकट दे."

बेक्ताश कणीस फिरवत राहिला. "झाली की भवानी, साहेब."

"एवढ्या लवकर? कोणाची?"

"माझी," पत्र्याला टेकून कणीस खात फेरिदे म्हणाली. "फुलवालीची केली, मोजेवाल्याचीही केली. आता बस बोंबलत."

"तुला काय मिळतं यातून, मावशी?"

"तुझं हे पडलेलं तोंड बघायला मिळतं."

तेव्हापासून ती रोज उजाडायच्या आत येते. बाकीच्यांच्या घोंगड्या अजून आहेत त्या तिच्यामुळे. तिला स्वतःला विकायला माल नाही, बसायला जागा नाही. प्रत्येकाकडून काहीतरी घेते, उभ्यानेच खाते, त्या पत्र्यावर थुंकते आणि घरी जाते.