गोठ्यातला ताप

फसली तेराशे एकतीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकवीस-बावीस. मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि चकलांब्यात माझ्या बैलजोडीसारखी दुसरी जोडी नव्हती. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगीन. माझी शाळा म्हणाल तर अक्षरं ओळखण्यापुरती झाली. बैल ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तेव्हा बैल चोरीला जायचे, म्हणून मी गोठ्यातच झोपायचो. गोठा वडिलांनी बांधलेला. मातीच्या जाड भिंती, थंडीत आत लई ऊब. भिंतीच्या भेगांत गोचिडी असायच्या. बैलांच्या कानामागं, शेपटीच्या बुडाशी डसायच्या, आम्ही त्या उपटून आगटीत टाकायचो. माणसालाही चावायच्या, पण गोचीड चावली म्हणून कुणी बोंब मारत नसे.

त्या हिवाळ्यात मला ताप धरायला लागला. हाडं मोडल्यागत दुखायची, डोळे उघडवत नसत. मग घाम फुटायचा आणि ताप उतरायचा. मी उठून मोट हाकायला लागायचो, लोक म्हणायचे सुटला बिचारा, की तो पुन्हा हजर. आईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. गेवराईला हकीमसाहेबांकडं गेलतो, त्यांनी कडूजहर काढा दिला. काढा संपला, ताप संपला नाही.

माझी सासुरवाडी उमापूरची. सासऱ्याच्या कानावर हे गेलं. त्याचा धाकटा भाऊ छातीच्या रोगानं खंगून गेलेला, त्यामुळं जावयाला ताप म्हटल्यावर त्याला तोच रोग दिसायला लागला. संक्रांतीला म्हणून त्यानं माझ्या बायकोला माहेरी नेलं आणि परत धाडलं नाही. निरोप आला, ‘जावयाचा ताप गेला की लेक येईल.’ मीही उलट निरोप दिला, ‘मी आणायला येणार न्हाई.’ दोघंही अडून बसलो. जिच्यावरून अडलो तिला कुणी विचारलं नाही.

शिमग्याच्या आधी सासरा स्वतःच आला. मला दोन रात्री डोळ्यांनी बघायचं आणि लेक नांदायला पाठवायची की कायमची ठेवून घ्यायची ते ठरवायचं, असं त्यानं दारातच सांगितलं. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं हात जोडले.

“विहीणबाई, लेकीच्या पोटी मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी आमाला चालत न्हाई. तुमाला ठावं हाय.”

“मग निजणार कुठं?”

“गोठा हाय की. बैल काय माझं व्याही न्हाईत.”

भाकरी त्यानं धडप्यात बांधून आणली होती, पाणी गावच्या आडावर जाऊन पीत होता. माझ्या शेजारी कडब्यावर आडवा झाला. सकाळी उठतो तर गुडघ्यामागं खाजवतोय. एक टम्म गोचीड काढून त्यानं दगडानं ठेचली.

“जावईबापू, तुमच्या घरचं मी काय बी घेतलं न्हाई, पर तुमच्या गोठ्यानं माझं रगत घेतलं!”

दोन्ही रात्री त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप आला नाही. तरी जाताना म्हणाला, “खोकला न्हाई ते बरं. पर आंगात कायतरी मुरलंय तुमच्या. लेक मी पाठवीत न्हाई.”

“नका पाठवू,” मी म्हणालो.

बोललो खरं, पण त्या दिवशी मोटेवर गाणं काही तोंडात आलं नाही. बायको घरी असताना रोज मोटेच्या वाटेनं भाकरी घेऊन यायची.

आठवडा-पंधरवडा गेला असेल. मेव्हणा घोड्यावरून आला. “दाजी, आबाला ताप भरलाय. तुमच्यासारखाच. येतो, जातो, परत येतो. तुमाला बलावलंय.”

बोलावलंय म्हटल्यावर माझा मान राहिला. गाडी जुंपली.

सासरा गोधड्यांखाली पडला होता. मला बघून म्हणाला, “या. तुमचा रोग मला लावला तुमी.”

“मी कावून लावीन, मामा?”

बायको आतल्या दारात उभी होती. एरवी ती माझ्यापुढं बापाशी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

“आबा, तुमी तितं भाकरीचा तुकडा खाल्ला न्हाई, पाण्याचा थेंब घेतला न्हाई. आत्याबाई त्याच घरात राहत्यात, मी राहिले, आमाला कदी ताप न्हाई. गोठ्यात निजले ते तुमी दोघंच.”

सासऱ्यानं गोधडी सारून गुडघ्यामागं बोट लावलं. तिथं काळी खपली धरली होती. तसलीच माझ्या कमरेवर होती.

“माझ्या बापाच्या गोठ्याला नाव ठेवायचं न्हाई,” मी म्हणालो.

“गोठ्याला न्हाई ठेवत. गोचिडीला ठेवतो, चालंल का?” तेवढ्या तापात त्याला हसू आलं. मग लेकीकडं बघून म्हणाला, “छातीचा रोग असा दोन राती निजून लागत न्हाई. मी उगाच भ्यालो. घेऊन जा हिला. पर गोठ्यात निजायचं न्हाई.”

“मी कुठं निजायचं ते मी ठरवीन.”

“ठरवा की. हिला इचारून ठरवा.”

तिचं गाठोडं बांधलेलंच होतं. ओढ्यापाशी आल्यावर ती म्हणाली, “गोठ्यातच निजायचं असंल तर मला हितंच उतरवा.”

मी बैलांना हाक दिली आणि गाडी ओढ्यात घातली. ती पदरात हसली, मला आवाज आला.

त्यानंतर मला आणि सासऱ्याला ताप एकेकदा येऊन गेला, मग आयुष्यात नाही. लई वर्षांनी एका डॉक्टरनं सांगितलं की गोचीड रक्तात असला ताप सोडते आणि तो दडून बसून पुन्हा पुन्हा उठतो. असेल. चांगली निगा राखलेल्या गोठ्यातही असेल.

बायकोला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल बाहेर लिंबाखाली बांधले, माझं अंथरूण उकिरड्यावर नेऊन जाळलं, आणि पहार घेऊन गोठ्याची मागची, भेगांची भिंत पाडायला लागलो. आवाज ऐकून शेजारचा म्हातारा आला.

“कावून पाडतो बे? चांगली भिंत हाय.”

“आत उजेड न्हाई,” म्हणालो, आणि पुढचा घाव घातला.